रजा मंजूर, पण जागेवर कोण?

१९ मे १९९९ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टर इथे विश्वचषकात भारताची गाठ झिम्बाब्वेशी होती. सचिन तेंडुलकर त्या दिवशी संघात नव्हता. वडील, मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर, गेल्याची बातमी आली आणि तो मुंबईला निघाला. भारत तो सामना तीन धावांनी हरला. अंत्यविधी उरकून सचिन परतला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या.

ही गोष्ट गेली पंचवीस वर्षे कर्तव्याचा धडा म्हणून सांगितली जाते. एखाद्याने वडिलांच्या तेराव्यापर्यंत रजा मागितली की सचिनचा दाखला देणारा साहेबही अधूनमधून भेटतो. त्या धड्यात एक साधी बाब गळून जाते. सचिन मुंबईला आला तेव्हा त्याच्या जागी खेळायला माणूस हजर होता. सामना हातचा गेला, पण झाला. क्रिकेटचा संघ अकरा जणांचा असला तरी दौऱ्यावर अकराच जण जात नाहीत.

२०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याने हेच आणखी ठळक करून दाखवले. ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि कर्णधार विराट कोहली पत्नीच्या बाळंतपणासाठी मायदेशी परतला. त्याची रजा मंडळाने आधीच मंजूर केली होती. त्याच दौऱ्यावरच्या टी. नटराजनला मुलगी झाली ती तो आयपीएलसाठी अमिरातीत असताना. तिथून तो थेट ऑस्ट्रेलियाला गेला आणि लेकीचे तोंड त्याने पाहिले ते जानेवारीत घरी आल्यावर. मोहम्मद सिराजचे वडील, हैदराबादचे रिक्षाचालक, २० नोव्हेंबरला वारले. घरी जाण्याची मुभा होती, पण करोनाच्या विलगीकरणाचे दिवस होते. तो थांबला आणि मालिकेत त्याने १३ बळी घेतले. एकाच संघात दोन जन्म, एक मृत्यू आणि तीन वेगवेगळे निर्णय. कोहलीच्या जागी अजिंक्य रहाणेने नेतृत्व केले, मेलबर्नला शतक ठोकले आणि भारताने मालिका २-१ अशी जिंकली. कर्णधार गेल्याने संघ बुडाला नाही, कारण उपकर्णधार हे पद असतेच मुळी त्यासाठी.

नोकरदार माणसाच्या आयुष्यात लग्न, बाळंतपण, आजारपण आणि मयत या गोष्टी येणारच. कधी येणार एवढेच ठाऊक नसते, आणि पहिल्या दोन्हींच्या बाबतीत तर तेही बरेचसे ठाऊक असते. तरीही बहुतेक कचेऱ्यांत प्रत्येक प्रसंग आकाशातून कोसळल्यासारखा हाताळला जातो. रजेचा अर्ज येतो, साहेब कपाळावर आठी घालतो, शेवटी ‘बरं, जा’ म्हणतो आणि गेलेल्या माणसाचे काम शेजारच्या टेबलावर येऊन पडते. सरकारी भाषेत याला भारदस्त नाव आहे: अतिरिक्त कार्यभार. रजा किती दिवसांची यावर आपल्याकडे कायदे झाले, खटले झाले, मोर्चे निघाले. त्या दिवसांत काम कोणी करायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. सगळी कटकट तिथून सुरू होते.

मुंबईच्या गिरण्यांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. गिरणगावातला कामगार कोकणातला, साताऱ्याचा, घाटावरचा. बायको-मुले बहुधा गावी. शिमगा, गणपती, भावाचे लग्न, आईचे दुखणे, भातलावणी अशा कोणत्याही कारणाने तो गावी जायचा आणि कधी महिना-दोन महिने यायचा नाही. सुरुवातीला मालकांना हा बेशिस्तपणा वाटे. पण ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात वेगळाच सल्ला दिला: गावाशी असलेला हा धागा कामगाराचा आधार आहे, तो तोडू नका, त्याला नियमित रूप द्या.

गिरण्यांकडे यावर उपाय होता तो ‘बदली’चा. पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या फाटकाशी बदली कामगार उभे राहत. साच्यावरचा, चात्यावरचा कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता बदली घेतला जाई. कोणाला घ्यायचे हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी आणि ती त्याची मोठी कमाई होती. हात ओले केल्याशिवाय फाटकाच्या आत जाणे कठीण. ही लाचखोरी मोडण्यासाठी गिरणी मालकांच्या संघटनेने १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देऊन त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे औद्योगिक विवाद कायद्यातही ‘बदली कामगार’ची व्याख्या आली: मस्टरवर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा.

व्यवस्था म्हणून ती हुशारीची होती, न्यायाची नव्हती. कायम कामगार गावच्या लग्नाला निर्धास्त जाऊ शके, कारण त्याचा साचा बंद पडत नसे. किंमत मोजत होता तो बदली. त्याने रोज फाटकावर हजेरी लावायची, काम मिळाले तर मजुरी, नाही तर हात हलवत परत. वर्षानुवर्षे लोक बदलीच राहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात बदलींची संख्या मोठी होती आणि कायम करण्याचा प्रश्नही धगधगत होता. बदली माणूस हवाच, पण त्याला अर्धपोटी ठेवून नव्हे, एवढा धडा तरी त्या इतिहासातून घेता येतो.

मुंबईच्या डबेवाल्यांनी तो आपल्या पद्धतीने घेतलेला दिसतो. वीस-पंचवीस जणांच्या गटात काही माणसे जादा ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी कार्य निघाले की जादा माणूस त्याची लाइन उचलतो आणि वेळ पडली तर मुकादम स्वतः डबे घेऊन निघतो. आणि दर वर्षी एप्रिलच्या सुमारास मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगावच्या जत्रांसाठी सगळेच चार-पाच दिवस गावी जातात. ग्राहकांना आधी कळवले जाते, त्या दिवसांचे पैसे कापू नका असे हक्काने सांगितलेही जाते. मुंबई तेवढे दिवस वडापावावर काढते.

कारखान्यांत आणि कचेऱ्यांत मात्र दीर्घकाळ यापेक्षा सोपा मार्ग वापरला गेला: प्रसंगच टाळायचा. बाई लग्न करणार, मग तिला मुले होणार, मग ती रजा घेणार. त्यापेक्षा लग्न झाले की नोकरी संपली असा नियमच केलेला बरा! मुंबईतल्या इंटरनॅशनल फ्रँचायझीस या औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात असा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचे म्हणणे असे की बायका गटाने काम करतात, विवाहित बायका जास्त गैरहजर राहतात आणि गटाचे काम खोळंबते. न्यायालयाने १९६५ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. फरक पडतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेपुरता, आणि त्यासाठी चार जादा बायका राखीव म्हणून ठेवल्या की काम भागते. एवढ्यासाठी असा जालीम नियम कशाला, असा त्या निकालाचा आशय होता.

साठ वर्षांपूर्वीचा हा निकाल आजच्या प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने भिंतीवर लावावा असा आहे. रेल्वेत ‘लीव्ह रिझर्व्ह’ नावाची पदे असतात, म्हणजे रजेवर जाणाऱ्यांच्या जागी उभे राहण्यासाठीच मंजूर झालेली माणसे. स्टेशन मास्तर बहिणीच्या लग्नाला गेला म्हणून गाड्या थांबवता येत नाहीत, हे रेल्वेला मान्य आहे. सॉफ्टवेअर कंपनीला, खासगी शाळेला, वृत्तपत्राच्या कचेरीला ते मान्य करायला अजून जड जाते.

लग्नाच्या अटीचा जाच मोठ्या पदांवरही होता. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये रुजू झाल्या. त्या सेवेच्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची होती, आणि संसारामुळे कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला सांगता येत होते. पुरुष अधिकाऱ्याला असले बंधन नव्हते. मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. दोनच वर्षांनी एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला गाजला. पहिल्याच गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही ही अट मात्र त्याच निकालात टिकली.

बाळंतपणाच्या रजेचा इतिहास मुंबईपासूनच सुरू होतो. कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला, देशात पहिल्यांदा. त्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. आणि सरकार उचलत नसेल तोवर जो मालक त्या स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेतो त्याच्यावर तो टाकणे गैर नाही, असेही.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये मातृत्व लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुले असताना तिसरे झाले तर बारा आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी घेण्यात आल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चारही कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले.

कायम नोकरी नाही म्हणून हक्क नाही, असे अनेकींना अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच रोजंदारीवालीलाही हा लाभ द्यायला लावला. कंत्राट संपले म्हणून रजेचा लाभ मध्येच तुटत नाही, हे २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात ठरले. आणि २०२२ मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. पतीच्या पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी तिने आधी बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची रजा नाकारली गेली. आई-बाप आणि त्यांची दोन मुले एवढेच कुटुंबाचे रूप नसते, असे बजावून न्यायालयाने तिला रजा दिली.

एवढे सगळे असूनही सव्वीस आठवड्यांच्या कायद्याला एक जुने दुखणे आहे, आणि ते बाबासाहेबांनी १९२८ मध्येच ओळखले होते. पगाराचा सगळा बोजा मालकावर आहे. पाच माणसांचा विभाग चालवणारा छोटा उद्योजक हिशेब करतो: हिचा सहा महिन्यांचा पगार द्यायचा आणि शिवाय तिच्या जागी दुसरा माणूस ठेवायचा. मग तो एक तर दुसरा माणूस ठेवत नाही, उरलेल्या चौघांना राबवतो. किंवा पुढच्या मुलाखतीत उमेदवार मुलीला ‘लग्न ठरलंय का?’ असे सहज विचारल्यासारखे विचारतो. पहिल्या मार्गाने सहकारी नाराज होतात आणि बाळंतिणीबद्दल ‘सहा महिने मजा आहे’ अशी कुजबुज सुरू होते. दुसऱ्या मार्गाने तिला नोकरीच मिळत नाही. सात आठवड्यांचा पगार सरकार परत करेल अशी योजना केंद्राच्या कामगार मंत्रालयाने २०१८ च्या नोव्हेंबरात पुढे आणली होती. ती बातमीपुरतीच राहिली.

खरे तर चांगला नमुना देशातच आहे. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. त्या एकत्रित निधीतून बाळंतिणीला सव्वीस आठवड्यांचा पूर्ण भत्ता मिळतो. मालकाच्या खिशाला वेगळी कात्री लागत नाही, त्यामुळे पगाराचे तेच पैसे बदली माणसाला देता येतात. स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी वर्गणी सारखीच, म्हणून बाई नेमणे महाग पडत नाही. वेतनाची ही मर्यादा ओलांडली की ही सोय संपते आणि मालक पुन्हा एकटा पडतो. ती मर्यादा मातृत्वापुरती तरी काढून टाकायला हरकत कोणाची असावी?

बापाचे काय? केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात कायदाच नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. ते पुढे सरकले नाही. सातव स्वतः २०२१ मध्ये गेले. बाप घरी थांबत नाही तोवर कचेरीच्या डोक्यातले गणित बदलणार नाही. रजेवर जाण्याची शक्यता मुलगा आणि मुलगी दोघांचीही सारखीच असेल, तर मुलाखतीतला तो प्रश्न विचारून उपयोग उरत नाही.

मृत्यूच्या बाबतीत तर कायदा जवळजवळ गप्प आहे. जन्मासाठी निदान आईला रजा आहे. घरात मयत झाले तर खासगी नोकरदाराला कुठल्याही केंद्रीय कायद्याने वेगळी रजा मिळत नाही. काही कंपन्या आपणहून तीन ते पाच दिवस देतात. सरकारी नोकरही वर्षाच्या आठ किरकोळ रजा, नाही तर साठवलेली अर्जित रजा वापरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठ किरकोळ रजा आणि २४० दिवस भरल्यावर दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा मिळते. वर्ष सरताना कोणाची आई गेली आणि सगळ्या रजा आधीच संपल्या असतील, तर पगार कापून घेण्यावाचून इलाज नाही.

शोकाचे दिवस मात्र प्रत्येक समाजाने आधीच मोजून ठेवले आहेत. हिंदू घरात दहा दिवसांचे सुतक, मग बारावा-तेरावा. मुसलमानांत तीन दिवस शोकाचे, आणि विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. पारशांत चौथ्या दिवसाचा चहारूम. तीन दिवसांच्या रजेत यातले काय बसते? म्हणून शहरांत दिवस पाचव्या दिवशीच उरकण्याची पद्धत रुजू लागली आहे. गुरुजीही पटकन तयार होतात, कारण त्यांचीही पुढची कामे लागलेली असतात. कर्मकांड आवरते घेणे चांगलेच, पण ते विचाराने झाले की हजेरीपटाच्या धाकाने, हा फरक उरतोच.

शिवाय मृत्यूचे काम तेराव्याला संपत नाही. कागदांचे तर तिथून सुरू होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. मग दाखल्याच्या प्रती, बँकेतले नामनिर्देशन, विम्याचा दावा, निवृत्तिवेतन आईच्या नावावर करणे, सोसायटीचे भागपत्र. गावाकडे जमीन असेल तर तीन महिन्यांत वारसाची माहिती तलाठ्याला कळवायची आणि पुढे सातबारावर फेरफार होईपर्यंत हेलपाटे घालायचे. या सगळ्या कचेऱ्या नोकरदार कामावर असतो त्याच वेळात उघड्या असतात. मोठ्या मुलाला किंवा मुलीला वर्षभर अर्धा-अर्धा दिवस निसटावे लागते आणि ‘याचं लक्ष नाही हल्ली कामात’ असा शेरा पदरात पडतो. एकदम पंधरा दिवस देण्याऐवजी दहा दिवस वर्षभरात तुकड्यांत घेऊ देणारी रजा अशा वेळी जास्त उपयोगी पडते. हा बदल करायला संसदेची गरज नाही, एका परिपत्रकाने काम होते.

रजेच्या नियमातले ‘कुटुंब’ हाही घोळाचा शब्द आहे. आई, वडील, नवरा-बायको, मुले एवढे असतात. विवाहितेच्या सासू-सासऱ्यांना काही ठिकाणी जागा असते, जावयाच्या सासऱ्याला नसते. ज्या काकूने लहानाचे मोठे केले ती कुठल्याच यादीत नसते. जन्मताच दगावलेल्या बाळाचे दुःख तर अलीकडेपर्यंत मोजलेच जात नव्हते. केंद्र सरकारने २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मृत अपत्य जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा दिली. सरकारी आदेशांच्या रुक्ष गठ्ठ्यात हा आदेश वेगळा उठून दिसतो.

लांबलेल्या आजारपणाची आणि संगोपनाची सोयही सरकारी नोकरीतच जास्त आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सगळ्या सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. २०१८ पासून एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही ती लागू झाली. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस दिले. दहावीच्या वर्षात ही रजा मागणाऱ्या आयांची रांग लागते, हा भाग वेगळा.

हे झाले मस्टरवर नाव असलेल्यांचे. ज्यांचे नाव कुठेच नसते त्यांची गोष्ट सुरू होते तिथे ‘रजा’ हा शब्द संपतो आणि ‘खाडा’ सुरू होतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ताप आला, पाळीचा त्रास झाला, बाळंतपण जवळ आले म्हणून एक दिवस फडात गेले नाही की खाडा पडतो आणि त्या दिवसाच्या मजुरीबरोबर वर दंडही वसूल होतो. बीडमध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याचे प्रमाण गाजू लागले, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. रजा मागण्यापेक्षा अवयव काढणे परवडते, अशी वेळ ज्या व्यवस्थेत येते ती अठराव्या शतकातली नाही, आजची आहे.

शहरातही तेच, वेष फक्त वेगळा. झोमॅटोने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना आई असो की बाप, सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा जाहीर केली. कौतुकास्पदच होते. पण ती होती कंपनीच्या पगारी कर्मचाऱ्यांसाठी. पावसात जेवण घेऊन येणारा मुलगा ‘कर्मचारी’ नसतो, ‘भागीदार’ असतो. भागीदाराला मुलगी झाली तर ॲप बंद ठेवायचे, म्हणजे कमाई बंद.

बांधकाम मजुरांची स्थिती थोडी बरी. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असेल तर पहिल्या लग्नासाठी ३० हजार, नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास २० हजार रुपये मिळतात. हा पैसा बांधकामावरच्या उपकरातून येतो, म्हणजे एकट्या ठेकेदाराच्या अंगावर पडत नाही. मात्र नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो देणारा ठेकेदार शोधणे हेच काम होऊन बसते. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार.

आणि मग घरकामाला येणाऱ्या मावशी. मातृत्व लाभाचा कायदा त्यांना लागू नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर त्यांची मागणी होती भरपगारी सुट्टीची. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. तरीही मावशींची सुट्टी आजही प्रत्येक घरच्या ओट्यापाशी, तोंडी ठरते.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण कचेरीत रजा मागणारे असतील आणि घरी रजा देणारे. कचेरीतल्या साहेबाने बदली माणूस न ठेवता आपल्या गैरहजेरीचा राग काढला की अन्याय वाटतो. मावशी लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या की आपणही तेच करतो. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या, घरात कार्य किंवा मयत झाल्यास आठवडाभर पगारी रजा, आणि त्या दिवसांत येणाऱ्या बदली बाईला तिचे वेगळे पैसे, इतके लिहून ठरवायला एक संध्याकाळ पुरते. चार घरांनी मिळून ठरवले तर बदली बाईलाही नियमित काम मिळते. या महिन्याचा पगार हातात देताना ते मावशींशी बोलून घ्यावे.